हॅलोले आमच्यात काय म्हणतात

कंपनीच्या यादीत पह्यलाच शब्द होता, हॅलो. अडीचशे इंग्रजी शब्द, अन् प्रत्येक शब्दाले गावोगावच्या बोलीत काय म्हणतात ते मोबाइलवर रेकॉर्ड करून पाठवायचं, असं माह्यं काम. मोबाइलले बोल्या शिकवून राह्यले म्हणे. म्हटलं, शिकवा बाप्पा, माणसं त शिकून राह्यली नाईत.

मी अंजू, मारेगावजवळच्या बंजारा तांड्यावरची. बी.ए. झाली, गोरबोली घरची अन् मराठी शाळेची, म्हणून हे काम मले भेटलं. वाटलं, हॅलो म्हणजे दोन मिनिटाचं काम. स्कूटी काढली अन् निंघाली. राजूरले खाणीवर गेली त एकाच पाळीच्या माणसाईत चार हॅलो भेटले. कोणी राम राम, कोणी परनाम, कोणी सलाम, एक तेलुगू माणूस हात जोडून म्हणे बागुन्नारा, म्हणजे बरे आहात ना. गोंडाच्या घरी सेवा सेवा. इथवर सारं ठीक होतं. पण झरीकडं एका कोलाम पोडावर, म्हणजे कोलामाईच्या वस्तीवर, म्हाताऱ्याले विचारलं त तो हासाले लागला. "पोरी, शब्द कायले पाहिजे? दारात माणूस दिसला की पाणी आणतो. तो पेते. झालं."

"बाबा, मंग मी रेकॉर्ड काय करू?"

तो आत गेला, पाण्याचा गडू आणला, माह्या ओंजळीत धार सोडली अन् म्हणे, "हे कर." मी खरंच केलं. घरी येईपर्यंत चारदा गाडी थांबवून तो पाण्याचा आवाज ऐकला. एवढा जुना शब्द मले आजवर कोणी ऐकवला नव्हता.

आता उरली आपली गोरबोली. ते त घरातच होतं. याडीले विचारलं. आमच्यात आईले याडी म्हणतात. माह्या याडीचं नाव सुखीबाई, अन् तेव्हा तिचा आवाज घोगरा झाला होता. घशात गाठ निंघाली होती. नागपूरच्या डॉक्टरनं साफ सांगतलं होतं, स्वरयंत्र काढावं लागन, जीव वाचन पण आवाज जाईन. ऑपरेशनची तारीख वीस दिवसावर होती.

"गड्याईचं राम राम," याडी म्हणे. "बायाईचं तुले माहीत हाये."

माहीत होतंच. आमच्या बाया लय दिवसानं भेटल्या की एकमेकीच्या गळ्यात पडून रडतात. नुसतं रडणं नाई, सुरात. एक ओळ हिची, एक तिची. कोण मेलं, कोणाले पोरगं झालं, तू अमक्याच्या मौतीले काहून आली नाई, साऱ्या खबरा अन् सारे रुसवे त्याच्यातच. लहानपणी मारेगावच्या बसस्टँडवर याडीनं असा सूर लावला की मी रसवंतीच्या मागं जाऊन लपो. लोक पाहत, अन् मले मेल्याहून मेल्यासारखं होये.

"मंग रड ना," मी मोबाइल तिच्यापुढं धरला. "पाच सेकंदच पाहिजे."

"येडी झाली का वो? हे एकटीनं होत नाई. एकटीचं रडणं मेलेल्यासाठी." जराशानं म्हणे, "अंजू, मानीबाईले घेऊन ये. आवाज हाये तोवर एकडाव भेटू दे. मंग म्हणा डॉक्टरले, काप काय कापाचं ते."

मानीबाई माही मोठी मावशी, मुकुटबनकडच्या तांड्यावर राह्यते. बारा वर्षं झाली, दोघी बहिणी भेटल्या नाई. कारण कोण, त मी. मावशीनं आपल्या दिराच्या पोराशी माही सगाई जुळवली होती, अन् मी भर पंचात नाई म्हटलं. मावशीले सासरी तोंड दाखवाले जागा राह्यली नाई. याडी माह्या बाजूनं उभी राह्यली अन् बहीण गमावून बसली.

म्हणजे जाणं मलेच होतं. पण मावशीच्या दारात उभं राहाले मन धजे ना. मंग मी शहाणपणा केला. मावशीच्या सुनेले व्हिडिओ कॉल लावला अन् बहिणीसमोर बहीण आणून ठेवली. मावशी तिकडून म्हणे, "हॅलो." याडी इकडून म्हणे, "हॅलो." अन् दोघी चूप. याडीनं मोबाइल खाटेवर उलटा ठेवून देल्ला.

"अंगाले अंग नाई, हे कायची भेट? तू जाऊन आण."

"आणतो ना पुढच्या हप्त्यात!" मी चिडली. "रडासाठी बी एवढी घाई!"

पुढचा हप्ता आमच्या हाती लागलाच नाई. दवाखान्यातून फोन आला, खाट खाली झाली, उद्याच घेऊन या. चार दिवसात याडीचा आवाज गेला. गळ्याले नळी लागली, अन् तिनं ओठ हालवले की नळीतून नुसती हवा. मले माह्यं थोबाड फोडून घ्यावं वाटे. तिनं चार शिव्या हासडल्या असत्या तरी बरं झालं असतं, पण शिवीले बी आवाज लागते.

बऱ्याच दिवसानं याडीले घरी आणलं अन् दुसऱ्याच दिवशी मी मुकुटबन गाठलं. मावशी अंगणात तूर पाखडत होती. मी वाकली अन् म्हटलं, "राम राम, मावशी." म्हटलं अन् जीभ चावली. सख्ख्या बहिणीची पोरगी, बारा वर्षानं दारात आलेली, अन् गड्यासारखं राम राम! मावशीनं सुपातून मान वर केली नाई. सुनेले आवाज देल्ला, "पाहुणी आली वो. पाणी दे."

"मावशी, याडीचा आवाज काढला. घशातून. आता परत येत नाई."

सूप थांबलं. "कवा?"

"तीन हप्ते झाले."

"अन् तू आता येऊन राह्यली?"

मावशी उठली, पदराले हात पुसले अन् चपला न घालताच स्कूटीवर मागं बसली. साऱ्या वाटेत माह्या डोक्यात एकच घोर. याडीकडून जबाब येणार नाई, म्हणजे मावशीनं एकटीनंच रडाचं. अन् एकटीचं रडणं कोणासाठी असते, ते याडीले पक्कं माहीत होतं. जित्या बाईसमोर तसं झालं त ती काय समजन?

याडी दारात खुर्चीवर बसली होती. मावशीले पाह्यलं अन् तिचे हात आपोआप वर झाले. गळ्यात पडता येत नव्हतं, नळी होती. मावशी मातीत गुडघे टेकून बसली, याडीच्या कमरेले मिठी मारली, कपाळाले कपाळ लावलं अन् बहिणीले हाक देत सूर काढला, "मारी बाई ये..."

एवढ्या जवळून हा सूर मी कधी ऐकलाच नव्हता. ऐकासारखी थांबली कुठं होती मी? ओळ संपली. आता पाळी याडीची. तिची छाती भरून आली, तोंड उघडलं, अन् नळीतून हवा निंघाली. मावशी थांबली. याडीची ओळ जेवढी लांब असती तेवढीच थांबली, ना जास्ती ना कमी. मंग उत्तर गायलं, "हाव बाई, आपला बाप गेला तवा मी आली नाई, चुकलं माह्यं."

याडीनं दुसरी ओळ धरली. हवा. मावशी थांबली, ऐकलं, अन् गायली, "हाव बाई, पोरीपायी तुले नावं ठेवली, ते बी खरं."

याडी मुंडी हालवत होती, डोळ्याले धारा लागल्या होत्या. मावशीले शब्द न् शब्द ऐकू येत होता. तांड्यावरच्या बाया गोळा झाल्या. जिथं याडीची ओळ संपे तिथं साऱ्या बायाईचा एकच उसासा निंघे, म्हणजे त्याईले बी ऐकू येत होतं. साऱ्या तांड्यात बहिरी मीच एकटी. मी हात जोडले. कोणाले जोडले, ते मले आजही सांगता येत नाई.

किती वेळ चाललं कोण जाणे. शेवटी मावशीनं माह्यं नाव सुरात घेतलं, बारा वर्षाचा सारा राग त्या एका ओळीत गायला अन् थांबली. साऱ्या बाया माह्याकडं पाहाले लागल्या. याडी बी पाहाले लागली. माह्या गळ्यात आवाज होता, धडधाकट, अन् ओळ एक नाई.

"मावशी, मले येत नाई," मी म्हटलं.

"हेच म्हण," मावशी म्हणे. "ओढून म्हण."

मी दोघींच्या मधात डोकं घातलं अन् फाटक्या आवाजात ओढलं, "मले येत नाई, मावशी ये, मले येत नाई..." याडीनं वरून मले घट्ट धरलं, अन् मावशीनं माह्या ओळीवर पुढची ओळ घेतली.