घटांगचा घाट आणि बिनघंटीची मी

"हिच्यात आता दम नाई राह्यला. चढ आला का नुसती मेल्यावानी करते!"

हे माझ्याबद्दल चाललं होतं, आणि तेही माझ्याच दांडीवर हात टेकून. मित्रांनो, मी एक जुनी सायकल आहे. काळी, चोवीस इंची, मागे जाड कॅरिअर. घंटी नाही. ती का नाही ते पुढे सांगते. बोलणारे होते माझे मालक सहदेवराव. आमची संगत पंधरा वर्षांची, म्हणून मी त्यांचं बोलणं मनावर घेतलं नाही. पण ते खरं नव्हतं, एवढं आत्ताच सांगून ठेवते.

मला अकोल्याच्या एका दुकानात जोडलं, सन एकावन्नच्या दिवाळीआधी. जोडणारा मिस्त्री चाकाची एकेक तार बोटानं छेडून पाही, कान देऊन ऐके आणि आवाज जुळला की मान हलवी. कुणी आपलं इतक्या लक्षपूर्वक ऐकलं, की पुढे जन्मभर नीट वागावंसं वाटतं. मला तरी वाटलं.

सहदेवराव तेव्हा ऐन तारुण्यात होते. देवीची लस टोचण्याची सरकारी नोकरी नुकतीच लागलेली. राहायचं परतवाड्यात आणि गावं करायची मेळघाटातली. देवीचा रोग तुम्ही पाहिला नसेल, तर फार चांगलं झालं. त्यात सहदेवरावांच्या हाताचा आणि माझ्या चाकांचा थोडा वाटा आहे, असं मी मनातल्या मनात म्हणत असते.

परतवाड्याहून घटांगचा घाट चढला की डोंगर सुरू. त्या रस्त्यावर दिवसाकाठी एक मोटार वर जाई आणि एक खाली येई. बाकी सगळा रस्ता आमचा. सागाची वाळकी पानं माझ्या चाकाखाली पापडासारखी मोडत. वानरं कठड्यावर बसून आमच्याकडे अशी पाहत, की जणू आम्हीच बघण्याजोगे! एकदा अस्वल आडवं आलं. आधी कोण थांबलं, ते की आम्ही, याचा निकाल अजून लागलेला नाही. सहदेवराव चढावर गाणं म्हणत. आवाज बरा नव्हता, पण दम भरपूर होता.

घाट उतरताना माझे ब्रेक पुरत नसत. मग ते पानांची एक मोठी फांदी तोडून दोरीनं माझ्या कॅरिअरला बांधत. ती मागे फरफटत येई, धूळ उडवी आणि मला आवरून धरी. नव्या नवरीचा शालू जमिनीवर लोळावा, तशी मी ऐटीत खाली येत असे.

आता घंटीचं. पहिल्या वर्षी माझी घंटी वाजली, की कोरकू पोरं लस टोचणारा आला म्हणून मक्यात दडून बसत. मला फार वाईट वाटे. आपला आवाज ऐकून लेकरं पळावीत, हे काय जिणं? सहदेवरावांनी एके दिवशी घंटी काढून पिशवीत टाकली आणि मला गावच्या मधोमध स्टँडवर उभं केलं. ज्याला लस टोचायची, त्यानं एका हातानं माझं पायडल फिरवायचं. चाक गरगर फिरे, पोर तारांचा झालेला चकाकता गोल बघत राही, आणि तेवढ्यात दुसऱ्या हातावर लस टोचून होई. पुढे पुढे तर एकदा टोचलेली पोरंही पुन्हा रांगेत येऊन उभी राहत. पायडलसाठी! इतक्या लेकरांचे हात मला लागले आहेत, की मला म्हातारी म्हणताना जरा विचार करा.

छप्पन सालच्या दसऱ्याला आम्ही नागपूरला दीक्षेला जाऊन आलो. सहदेवराव पांढऱ्या कपड्यांत, सोबत आणखी चार सायकली. जाताना सगळे गप्प होते आणि येताना सगळे एकदम बोलत होते. त्या दिवसापासून मालकांची पाठ माझ्यावर अधिक ताठ बसू लागली. हे सायकलीला कळतं.

घरी माणिकबाई. मालकीणबाई तोंडानं जरा तिखट. "माह्या डोक्याले तेल नाई, आन् या बयेच्या चेनले रोज!" असं म्हणत त्या मला ओसरीतून बाजूला सारत. पण पाऊस आला, की आधी मला आत घेत आणि मग वाळवणाकडे पळत.

अशी वर्षं गेली. आणि मग तो चढ.

घाटाच्या पायथ्याशी तानुबाईचं चहाचं छप्पर होतं. पहिल्या वर्षी सहदेवराव तिथून थेट तिसऱ्या वळणापर्यंत मला चालवत नेत आणि मोहाच्या झाडाखाली उतरत. पुढे कधीतरी ते दुसऱ्या वळणावरच्या पांढऱ्या दगडाशी उतरू लागले. मग ओढ्यावरच्या मोरीपाशी. मग पासष्ट सालच्या हिवाळ्यात तानुबाईच्या छपराशीच उतरले. एक हात दांडीवर आणि दुसरा छातीवर, सदऱ्याचं बटण लावायचं निमित्त करून. बटण लागलेलंच होतं.

"चेन लागते हिची," ते म्हणाले.

"हो ना, चेनच असंन," तानुबाई म्हणाली आणि चहात साखर जास्त घातली.

पुढच्या दौऱ्याआधी ते मला परतवाड्यात खुशालराव मिस्त्रीकडे घेऊन गेले. त्यानं माझं मागचं चाक उचलून फिरवलं. ते फिरतच राहिलं. आवाज नाही, अडकणं नाही. चाक थांबेपर्यंत खुशालराव चाकाकडे नाही, मालकांच्या तोंडाकडे पाहत होता.

"चाकातले छर्रे बदलून टाकू, सायेब," तो शेवटी म्हणाला.

त्यानं जुनेच छर्रे घासलेटात धुऊन पुन्हा बसवले. हे फक्त मला माहीत आहे.

कचेरीनं त्यांना दोनदा अमरावतीत खुर्चीवर बसायला बोलावलं होतं. त्यांनी दोनदा नाही कळवलं. वरच्या गावांतली लेकरं आपली वाट बघतात, असं ते म्हणत. ते खरंही होतं. पण त्या घाटात एकट्यानं, छातीवर हात धरून ते कुठे बसले असते, तर दुसऱ्या दिवशीची मोटार येईपर्यंत कुणाला पत्ता लागला नसता. हे घरीदारी सगळ्यांना ठाऊक होतं. बोलत कुणीच नव्हतं. सगळे मला बोलत. माझी काही तक्रार नव्हती. ज्यानं आपल्याला डोंगर दाखवला, त्याच्यासाठी थोडं ऐकून घेतलं तर काय बिघडलं?

सहासष्टच्या थंडीत पुन्हा दौरा आला. आदल्या संध्याकाळी माणिकबाईंनी भाकरी बांधल्या. नेहमीच्या दुप्पट.

"मले बी संग याचं हाय," त्या म्हणाल्या.

"काहून व?"

"पंधरा वर्सं झाले, घटांग घटांग करून राहिले तुमी. मी का मेल्यावर पाहू?"

"अन् चढावर कशी येशीन? दोघांले घेऊन ही चढत नाई."

"तं पायी चालू. तुमाले का मेंदी लागली पायाले?"

असे आम्ही निघालो. पायथ्यापर्यंत माणिकबाई कॅरिअरवर बसल्या. तानुबाईनं बघितलं आणि हातातली किटली तशीच ठेवली.

"काय वो डॉक्टर सायेब, आज दोघी सवतींले संगच आणलं?"

"मोठी कोनती ते नको इचारू, माय," माणिकबाई म्हणाल्या. "मान तिचाच जास्त हाय."

मग पायी घाट. मोरीपाशी माणिकबाई म्हणाल्या, "थांबा वो, दमली मी." पांढऱ्या दगडाशी त्यांच्या पायात काटा गेला. तो काढायला फार वेळ लागला, कारण तो नव्हताच. मी दोघांच्या मधे होते, दोघांचे श्वास ऐकत होते. विहिरीवरून दोन-दोन पितळी गुंड भरून पाणी आणणारी ती बाई. तिचा श्वास घरात बसल्यासारखा चालला होता.

इथे मी जरा थांबते, कारण तुम्हाला एक मागायचं आहे. आता आम्ही अमरावतीला असतो. सहदेवराव रोज सकाळी मला पुसतात, सपाट रस्त्यानं भाजीबाजारापर्यंत नेतात. माझं सगळं छान चाललं आहे. मित्रांनो, तुमच्या सायकलीला तेल द्या, चाकात हवा ठेवा, तिला पावसात उभी करू नका. पण ती जड झाली असं कुणी म्हणालं, तर आधी चाक उचलून फिरवून बघा. ते सहज फिरलं, तर सायकलीला सोडा आणि म्हणणाऱ्याचा हात धरा.

तर, दुसऱ्या वळणानंतर सहदेवराव एकदम खुशीत आले.

"पाह्य व, छर्रे बदलले तं कशी हलकी चालून राहिली! ढकला बी लागत नाई."

 सहदेवराव हसत मागे वळले आणि त्यांना दिसलं. माणिकबाईंचे दोन्ही हात माझ्या कॅरिअरवर होते. त्या मला पायथ्यापासून मागून लोटत आल्या होत्या. त्यांनी हात चटकन काढले आणि पदर सारखा केला.

 मोहाचं झाड चार पावलांवर होतं. सहदेवरावांनी मला त्याच्याखाली स्टँडवर लावलं, माझ्या सीटवरची धूळ तळहातानं पुसली आणि तो हात तिथेच राहू दिला.

"हिले काई नाई झालं, माणिक," ते म्हणाले. "ही कधीच थकली नाई. दम माह्याच छातीत नाई राह्यला."