पटाबाहेरची वही

कचेरीतला कारकून स्वतः पत्र घेऊन शाळेत आला, तेव्हाच मोठ्या बाईंनी ताडलं की बातमी काही धड नाही. चांगली बातमी कचेरीतून कधी चालत येत नाही. तिच्यासाठी आपल्यालाच खेटे घालावे लागतात.

बाई दुसरीला हातच्याची बेरीज शिकवत होत्या. "बसा पाच मिनिटं," त्या म्हणाल्या. "हे गणित अर्धवट सोडलं तर उद्या पुन्हा पहिल्यापासून."

कारकून मागच्या बाकावर बसला. बाक सात वर्षांच्या पोरांचं, त्यामुळे त्याचे गुडघे हनुवटीला टेकले. शेजारच्या मुलीने त्याच्याकडे बघून आपली वही झाकली; हा बघून लिहील, अशी तिला शंका आली असावी.

गणित संपल्यावर बाईंनी पत्र वाचलं. ज्या शाळांचा पट तीन वर्षं सरासरी वीसच्या खाली आहे, त्या जवळच्या मोठ्या शाळेत समायोजित होणार होत्या. आक्षेप असल्यास गुरुवारी अधिकाऱ्यांपुढे मांडायचा होता. जवळची शाळा म्हणजे मोठ्या रस्त्याच्या पलीकडची, पाच किलोमीटरवरची. नकाशावर ते अंतर पेन्सिलीच्या टोकाएवढं. रस्त्यावर मात्र दिवसभर ट्रक धावत, आणि ते कुणासाठी थांबत नसत.

"तुमचा पट सोळा आहे बाई," कारकून म्हणाला. मग बोट हलवत त्याने डोकी मोजली आणि तोंड वाकडं केलं. "इथे तर एकोणतीस बसलीत! ही बाकीची कुणाची?"

"खाणीवरची."

"मग पटावर का नाहीत?"

प्रश्न साधा होता, पण त्याचं उत्तर बाईंपेक्षाही जुनं होतं.

शाळा सुरू झाली ती सक्तीच्या शिक्षणाचा पहिला कायदा आला त्या साली, गाड्या दुरुस्त करायच्या एका पडवीत. तेव्हा हजेरीचा शिपाई घरोघर फिरून मुलांना गोळा करी आणि आया त्यांना पेटाऱ्यामागे लपवत. पुढे कामावर जाणाऱ्या मुलांसाठी अर्ध्या दिवसाची शाळा निघाली, मग तीही बंद होऊन सगळ्यांना पूर्ण दिवस झाला. पाटी गेली, वही आली. छडी गेली, बरं झालं. परीक्षा गेली, परत आली, पुन्हा गेली. दर नवा अधिकारी एक नवा शब्द घेऊन येई आणि जाताना तो शाळेतच विसरून जाई.

असाच एके वर्षी 'गळती' हा शब्द आला. वर्षाच्या सुरुवातीला पटावर असलेलं मूल शेवटी दिसलं नाही, तर ती गळती. गळती जास्त झाली की मुख्याध्यापकाने जाब द्यायचा आणि शाळेने एक शिक्षक गमवायचा. गावाबाहेरच्या दगडखाणीवर दरवर्षी कोरडे सहा महिने मजूर येत, आणि खाण थांबली की दुसऱ्या मुलखातल्या खाणीवर जात. त्यांची मुलं पटावर घेतली की शाळा चाळणीसारखी गळणार, हे ठरलेलंच. त्या वेळचे तपासनीस हळूच म्हणाले, "गुरुजी, नावं घालू नका. बसू द्या नुसतं."

तेव्हा मुख्याध्यापक होते मोठ्या बाईंचे वडील, आबा. त्यांनी मुलांना बसू दिलं. पण मूल वर्गात बसतंय आणि त्याची कुठे नोंद नाही, हे त्यांच्या जिवाला लागलं. म्हणून त्यांनी एक जाड, लांब वही घातली. प्रत्येक मुलाला एक पान. वर नाव, आईचं नाव, आणि मूल जायच्या दिवशी खाली एक ओळ : 'बाराचा पाढा झाला. जोडाक्षरात अडखळतो. पुढच्या वेळी इथून धरावे.' पुढच्या साली ते पोर आलं की आबा पान उघडत आणि नेमकं तिथूनच शिकवायला लागत. आबांनंतर बाई आल्या आणि घरची रीत म्हणून त्यांनीही वही चालवली. ही मुलं पटावर का नाहीत, हे मात्र त्यांनी कधी विचारलं नाही. पहिलीच्या पोराला शंका न विचारल्याबद्दल रागवणाऱ्या बाई इथे स्वतः गप्प राहिल्या होत्या. तोवर गावातली घरं शहराकडे सरकली, सोळा मुलं उरली, आणि बाहेरची तेरा झाली.

कारकुनाने वही चाळली. त्याचा आवाज खाली आला. "बाई, मी तुमच्या भल्याचं सांगतो. ही तिथे आणू नका. आपल्या खात्यात याला अपुरी नोंद म्हणत नाहीत, नोंद दडवणं म्हणतात. शाळा वाचेल की नाही देव जाणे, पण तुम्ही वाचणार नाही. निवृत्तीला किती राहिली?"

"चार वर्षं."

"मग झालं तर! गप बसा."

"गप बसा हे मी दिवसातून पन्नास वेळा म्हणते," बाई म्हणाल्या. "कुणी ऐकत नाही. मी तरी का ऐकू?"

संध्याकाळी जेवताना त्यांनी पत्र आबांपुढे ठेवलं. आबा शहाऐंशीचे. भिंग लावून त्यांनी पत्र दोनदा वाचलं, एक चुकलेला स्वल्पविराम दाखवला, आणि म्हणाले, "वही न्यायची नाही."

"का पण?"

"का म्हणजे? छत्तीस वर्षं नोकरी केली. माझ्या हातची एक खोटी नोंद कुणी दाखवून द्यावी!"

"खोटी नाहीच आहे आबा. अर्धी आहे."

"मी पोरं वाचवली. ती नसती बसवली तर दगडच फोडत बसली असती."

"वाचवलीत," बाई म्हणाल्या. "पण मोजली नाहीत. आणि तुमच्यामागे मीही मोजली नाहीत. म्हणून आज कागदावर शाळा रिकामी दिसतेय."

आबांनी हातातला घास ताटात ठेवला. बाईंच्या वहिनींनी वातावरण बघितलं आणि आबांच्या पानात आणखी भाजी वाढली. "आबा, रुसायचं ते भरल्या पोटी रुसा. आणि वन्सं, तुम्हीही जेवा. या घरात दोन मुख्याध्यापक आणि शिपाई मी एकटी; घंटा कुणी द्यायची तेच कळत नाही."

कुणी हसलं नाही. आबा उठून गेले. बाईंनी ताट संपवलं. भांडून जेवण टाकायचं नाही, हेही त्यांना आबांनीच शिकवलेलं.

सकाळी त्या आंघोळ करून बाहेर आल्या तर आबा टेबलापाशी. पुढे चार कागद लिहिलेले, आणि त्यांच्या हातात लाल पेन्सिल. कागदांवर जागोजाग लाल रेघा होत्या. आबांनी स्वतःचाच पेपर तपासला होता.

"इथे मी तपासनीसांवर ढकलत होतो. खोडलं," ते म्हणाले. "इथे काळाला नावं ठेवली. खोडलं. इथे स्वतःची स्तुती. तेही खोडलं. उरल्या चार ओळी."

बाईंनी वाचल्या. 'खाणीवरची मुले पटावर न घेण्याची पद्धत मी सुरू केली. मुले वर्गात होती. सोबतच्या वहीत प्रत्येकाचे पान आहे. चूक माझी आहे.' खाली वळणदार सही.

"चूक माझी नाही, आपली," बाई म्हणाल्या. "मीही सही करते याच्यावर."

"तू तुझं वेगळं लिही. शेजाऱ्याचं बघून लिहिलेलं उत्तर मी कधी तपासलेलं नाही."

बाई लिहायला बसल्या. त्यांच्या पाच ओळी झाल्या. आबांनी त्यातल्या दोन खोडल्या.

गुरुवारी बाई आबांना घेऊन कचेरीत गेल्या, तेव्हा तिथे अकरा शाळांच्या फायली एकावर एक रचलेल्या होत्या. अधिकारी बाईंपेक्षा वीस वर्षांनी लहान असतील. डोळे चोळून चोळून लाल झालेले. कारकून कोपऱ्यात उभा, बाईंच्या काखेतली वही बघून कपाळाला हात लावलेला.

अधिकाऱ्यांनी दोन्ही कागद वाचले. "ही वही कुणाच्या आदेशाने ठेवली?"

"ती माझ्या मनाने," आबा उभे राहून म्हणाले. "मुलं पटावर घेऊ नका हा आदेश तोंडी होता. मी तो लेखी मागायला हवा होता. मागितला नाही."

"बसा गुरुजी, बसा." अधिकाऱ्यांनी पानं उलटली. "तुमच्यावर माझा विश्वास आहे असं समजा. पण वर विचारतील, ही वही खरी कशावरून? अशी तर चार दिवसांत बसूनही भरता येते."

बाईंनी दाराकडे बघितलं. बाहेर बाकावर खाणीवरच्या सात आया बसल्या होत्या. बाई काल स्वतः खाणीवर जाऊन सांगून आल्या होत्या, आणि आया आजचं काम सोडून आल्या होत्या.

"या सातही जणी लहानपणी आमच्याच वर्गात बसल्यात. कुणालाही विचारा," बाई म्हणाल्या.

अधिकाऱ्यांनी टोकाला बसलेल्या आईला आत बोलावलं. हातांना दगडाची पूड, ती धुऊनही न गेलेली. पदराआड एक पाच वर्षांची मुलगी. नाव विचारून त्यांनी वहीतलं तिचं पान शोधलं. पान तीस वर्षांपूर्वीचं होतं, आबांच्या हातचं. वही त्यांनी स्वतःकडे वळवून धरली.

"किती शिकलात?"

"वर्ग नव्हता साहेब मला. मी पटावरच नव्हते."

"पण शिकलात कुठपर्यंत?"

ती जराशी लाजली. "गुणाकार पक्का झाला. भागाकार निम्मा राहिला. बाकी उरली की माझी गडबड व्हायची."

अधिकाऱ्यांनी पान बघितलं, मग तिच्याकडे बघितलं, आणि पान कारकुनापुढे सरकवलं. कारकुनाने मोठ्याने वाचलं : " 'गुणाकार पक्का. भागाकार निम्मा, बाकी उरल्यास गोंधळते. पुढच्या वेळी इथून धरावे.' "

"मग पुढच्या वेळी?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

"पुढच्या वेळी आम्ही दुसऱ्याच खाणीवर गेलो. इथे परत आले ती लग्न होऊन, दगड फोडायला. भागाकार अजून निम्माच आहे साहेब."

आबांनी मान खाली घातली.

"सहा महिने इथे, सहा तिकडे," अधिकारी म्हणाले. "तिकडे तरी पटावर असतात का ही मुलं?"

"तिकडेही नसतात," बाई म्हणाल्या. "तिकडच्या शाळेलाही गळतीची भीती आहेच की. दोन शाळांत बसतात आणि सरकारच्या हिशेबी एकाही शाळेत नसतात. तुम्ही ही शाळा मिटवलीत तर पटावरची सोळा कशीतरी पाच किलोमीटर जातील. ही तेरा कुठेच जाणार नाहीत. आणि ती गेली नाहीत, हे कळेल अशी ओळ तुमच्या एकाही कागदात नसेल."

अधिकाऱ्यांनी डोळे चोळले. मग त्यांनी फाईल ओढली.

"गेल्या तीन वर्षांची सरासरी मी बदलू शकत नाही. पण नव्या प्रवेशाला मुदतीची अट नाही, आणि या वर्षीची पटमोजणी सोमवारी आहे. सोमवारचा पट आणि ही वही जोडून मी वर्षभर थांबण्याची शिफारस करतो. शिफारस आहे, हुकूम नव्हे. नाही म्हणाले तर माझा इलाज चालणार नाही."

"चालेल."

"तुम्हाला कारणे दाखवा नोटीस निघेल. ती मी थांबवू शकत नाही, आणि थांबवणारही नाही."

"निघू द्या. कारणं आहेत माझ्याकडे."

"आणि सहा महिन्यांनी ही मुलं गेली की तुमची गळती जिल्ह्यात सगळ्यात जास्त दिसेल. तेव्हा काय?"

"गळू देणार नाही," बाई म्हणाल्या. "जाताना प्रत्येकाच्या हातात शाळा सोडल्याचा दाखला देणार, आणि दाखल्यामागे वहीतली ओळ उतरवून देणार. तो दाखवला की तिकडच्या शाळेने पटावर घेतलंच पाहिजे असा आपलाच नियम आहे; मी काल काढून वाचला."

"नियम आहे. पाळतं कोण? त्यांनी नाही घेतलं तर?"

"मग त्यांच्या ओट्यावर जाऊन बसेन. सुट्टीत मला दुसरं काम नसतं."

कारकून हसला आणि चटकन खोकल्यासारखं केलं.

सोमवारी शाळा भरायच्या आधीच दारात आया-बापांची रांग लागली. बाईंनी दाखल रजिस्टर उघडलं. आबा शेजारी खुर्चीवर बसून वहीतलं एकेक पान वाचत होते, बाई लिहीत होत्या; जन्मतारीख माहीत नसेल तिथे 'आईने सांगितल्यावरून' असं स्वच्छ लिहीत होत्या. सातवं नाव झालं. नववं झालं. एका बापाने विचारलं, "आम्ही गेलो की खोडणार ना हे?" बाईंनी त्याला रजिस्टर वळवून दाखवलं. गेलेल्याचं नाव खोडत नाहीत, पुढच्या रकान्यात कुठे गेला ते लिहितात. त्याने तो रिकामा रकाना बोटाने तपासून बघितला.

तेरावी ती पाच वर्षांची मुलगी. वहीत तिचं पान अजून घातलं नव्हतं. ती या साली पहिल्यांदाच आलेली. आई सांगायला लागली तशी बाईंनी तिला हाताने थांबवलं.

"तिला सांगू दे."

मुलगी आईला बिलगली. रांगेतले हसले. आबांनी डोळे वटारून रांग गप्प केली. ते त्यांना अजून जमत होतं. बाईंनी पेन उचलून धरलं होतं, पण घाई केली नाही. पाच वर्षांच्या मुलीला आपलं नाव सांगायला जेवढा वेळ लागतो तेवढा द्यावाच लागतो.

मुलीने रजिस्टरकडे बघितलं, आईकडे बघितलं, आणि जमिनीकडे बघत नाव सांगितलं.

"मोठ्याने," बाई म्हणाल्या. "पार मागच्या बाकापर्यंत ऐकू जाऊ दे."

तिने मान वर केली आणि खाणीवर हाका मारायची सवय असलेल्या आवाजात नाव ओरडून सांगितलं. बाईंनी ते लिहिलं.