चौकशीची खिडकी

सासूबाईंना गल्लीत सगळे ‘चौकशीची खिडकी’ म्हणत. तळमजल्यावरच्या खिडकीत मटार सोलत बसायचं आणि येणाऱ्याजाणाऱ्याला टोकायचं, हा त्यांचा नेम. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तेव्हाही त्यांनी उरलेल्या डोळ्यावर तो निभावला.

सुनेचा मात्र त्यात जीव जायचा. रक्ततपासणीच्या नोकरीतून दमून यावं, तर लांबूनच हाक, “आज उशीर? पिशवीत काय? कोबी? परवाच तर आणला होता!” तिच्या घरातला कोबी अख्ख्या गल्लीला तोंडपाठ.

म्हणून पुनर्विकासवाले ‘सुरक्षित, सुखकर वस्ती’ची रंगीत चित्रं घेऊन आले, तेव्हा पहिली सही तिची. चित्रात रुंद पदपथ होते, दिवे होते, झाडं होती आणि तळमजल्याला एकही खिडकी नव्हती. तळाशी मोटारी राहणार, माणसं वर.

“आई, आपल्याला नववा मजला मिळालाय. हवा बघा काय छान येईल!”

“हवेला काय विचारू गं मी?”

वस्ती अगदी चित्रासारखी झाली. सुई पडली तरी दिसावी इतका उजेड, खांबाखांबावर कॅमेरा आणि दोन्हीकडून बोलता येईल असा भोंगा. चित्रातली हसरी माणसं तेवढी राहायला आली नव्हती. पहिले काही दिवस सुनेला कोणी काही विचारलं नाही, म्हणून ती खूश होती. मग तिच्या लक्षात आलं, की कोणीच काही विचारत नाही. फाटकापासून लिफ्टपर्यंत ती किल्ली मुठीत आवळून चालू लागली. बोलणार कोणाला? सही तिचीच.

सासूबाईंना वरून माणसं मुंग्यांएवढी दिसत. “मुंगीची काय चौकशी करायची?” असं म्हणत त्या संध्याकाळी खाली कॅमेऱ्यांच्या खोलीत पहारेकऱ्याला चहा द्यायला जाऊ लागल्या. तेवढेच पाय मोकळे होतात, म्हणून सूनही काही बोलली नाही.

एके संध्याकाळी फाटकापासून सुनेच्या मागे एक उंच गृहस्थ लागला. तिने पाय उचलला, त्यानेही उचलला. ती पळू लागली, तोही पळू लागला. लख्ख उजेडात दोघांच्या सावल्या सोडल्या तर चिटपाखरू नव्हतं. ओरडावं तर वर नऊ मजले बंद काचा.

तेवढ्यात खांब खाकरला.

“सूनबाई, आज उशीर? आणि मागचे, तुम्ही कोणाकडे?”

गृहस्थाने दोन्ही हात वर केले. “मी... मी पाचव्या मजल्यावर राहतो. महिना झाला.”

“मग पळता कशाला?”

“या पळायला लागल्या. मला वाटलं, मागे काहीतरी आहे!”

“मावशी, बटण सोडा,” भोंग्यातून पहारेकऱ्याचा रडवेला आवाज आला. “साहेब माझी नोकरी खातील.”

“गप रे. तू नवा, तुला इथलं कोण ओळखू येतंय? अहो पाचवा मजला, जेवता कुठे? एकटेच का?”

“एकटाच,” गृहस्थ खांबाला म्हणाला. इतकं खरं तो महिन्याभरात कोणाशी बोलला नसावा.

सुनेला हसू आलं की रडू, तिचं तिलाच कळेना. मूठ सैल झाली.

“आणि सूनबाई, पिशवीत काय?”

वरच्या चारदोन काचा सरकल्या. डोकी बाहेर आली. सुनेने पिशवीत हात घातला आणि कोबीचा गड्डा कॅमेऱ्यासमोर उंच धरला.

“कोबी, आई!”

“परवाच तर आणला होता!” खांब म्हणाला.