नर्मदा पोहून आलेला

सर्जेरावानं कलिंगड दगडावर आपटलं, दोन्ही हातांनी फाकवलं आणि मधला लालभडक गाभा उपटून आधी भाचीच्या हातात दिला. शकूनं तो अर्धा तोंडात कोंबला आणि मामाच्या मांडीला टेकून ती रस गाळत खात बसली. समोर वाळूत तिचा बाप बसला होता. जयसिंगानं आपल्या वाट्यातली एक फोड तिच्यापुढं धरली.

"घे की. ही लई गोड हाय."

शकूनं आधी मामाकडं पाहिलं. मामानं मान हलवली तेव्हा कुठं तिनं फोड घेतली.

"पावणं, तुम्ही बिया गिळताय," ती म्हणाली. "पोटात येल उगवंल."

भोवतालची पोरं खिदळली. जयसिंगही हसला, पण ते हसू काही खरं नव्हतं. चार वर्षं उत्तरेत, हिंदुस्थानात, सरदाराचा घोडा पिटून आलेला बारगीर, आणि पोटची पोर त्याला पावणं म्हणते! फौजेबरोबर निघाला तेव्हा ती तीन वर्षांची होती. बायकोला, मैनाला, तो माहेरी येरवड्याला ठेवून गेला होता. आता सात वर्षांची झालेली पोर मामाच्या ताटात जेवत होती, मामाच्या कुशीत निजत होती. तिचं काय चुकलं? डोळ्यांना दिसेल तोच आपला. दसऱ्याला पुन्हा निघायचं होतं. त्याआधी एकदा, निदान एकदा, हिच्या तोंडून 'बा' ऐकायचं, एवढंच जयसिंगाच्या मनात होतं.

त्यानं काय काय करून पाहिलं नव्हतं! बऱ्हाणपुरी चुनरी आणली होती. ती तिनं मामाला नेऊन दाखवली. लाकडाचा हत्ती आणला होता; तो मामाच्या उशाशी ठेवला. लागू पडली ती एकच गोष्ट. एका संध्याकाळी तो नर्मदा ओलांडल्याची हकीकत सांगत होता, तेव्हा पोरीनं डोळे मोठे करून विचारलं,

"पोहून?"

आणि जयसिंगानं उचलली जीभ लावली टाळ्याला. "मग काय उडून?"

शकू हातभर जवळ सरकली. बस्स! तेवढ्या हातभर अंतरासाठी जयसिंगानं पुढच्या आठवड्यात चंबळ पोहून टाकली, यमुना दोनदा पोहून टाकली, तीही पुराची.

आता खरं सांगायचं तर जयसिंग माणदेशातला. त्याच्या गावी चैत्रातच विहिरीचा तळ दिसायचा आणि अंघोळीला पाणी तांब्यानं मोजून मिळायचं. तो पोहणं कुठं शिकणार? नर्मदा काय आणि चंबळ काय, त्यानं ओलांडली ती घोड्याची शेपटी दोन्ही हातांनी धरून, डोळे गच्च मिटून. घोड्यानं हे कुणाला सांगितलं नव्हतं, म्हणून झाकली मूठ राहिली होती.

येरवड्यात मात्र उन्हाळा म्हणजे नदी. रानात काम नाही, जत्रा चैत्रातच सरलेली, तमासगीर बोलवावेत तर पैका पडतो. नदीला काय पडतं? भाकरी बांधावी, कैरीचा ठेचा घ्यावा आणि सगळ्या आळीनं दिवसभर वाळूवर जाऊन पडावं. म्हाताऱ्यांनी जांभळीखाली घोरावं, बायांनी धुणी धुता धुता साऱ्या गावाची धुणी धुवावीत, पोरांनी सुके भोपळे बांधून डोहात डुंबावं. सर्जेरावाची कलिंगडाची वाडी तिथंच वाळूत होती, त्यामुळं खाण्याचीही ददात नव्हती. शकू तर पाण्यातच वाढल्यासारखी होती. तिचा भोपळा सुटून दोन उन्हाळे झाले होते.

अशा गावात पट्टीचा पोहणारा जावई आला म्हटल्यावर गाव सोडतंय होय? आज अवस आहे, आज पोट भरलंय, आज अंगात कणकण आहे, असं करत जयसिंगानं पंधरा दिवस काढले. पण कलिंगडाची साल भिरकावून सर्जेराव त्या दिवशी म्हणालाच,

"दाजी, उद्या सांजच्याला समदी आळी हितंच जेवाय येनार हाय. तवा एकदा पल्याड पुन्याच्या काठाला हात लावून या. पोरं नुसती वाट बघत्यात."

शकू टाळ्या पिटत उठली. इकडे आड, तिकडे विहीर! जयसिंगाला पोरीसमोर नाही म्हणवेना. हो म्हणून बसला.

दुसऱ्या दिवशी दुपारी, आळी जांभळीखाली कलंडलेली पाहून जयसिंगानं दोन भोपळे उचलले आणि वरच्या अंगाला, खडकाआड गेला. एवढी एवढी पोरं शिकतात, तर आपल्याला एका दुपारीत जमायला काय झालं, असा त्याचा हिशेब. त्यानं भोपळे कमरेला करकचून बांधले, कुलदैवताचं नाव घेतलं आणि अंग पाण्यात टाकलं.

भोपळ्यांनी आपलं काम चोख केलं. कमर वर उचलली. कमर वर गेल्यावर डोकं कुठं जाणार? ते खाली गेलं. नाकातोंडात पाणी गेलं, पाय आभाळाकडं झाले, हात वेडेवाकडे आपटू लागले. पानिपतावर पडलेला थोरला भाऊ त्याला दिसला, आई दिसली, आता सगळे भेटणार असं वाटलं. एवढ्यात कुणीतरी त्याची शेंडी धरून ओढली.

"उभं ऱ्हावा!" कानाशी आवाज आला. "अवं, उभं ऱ्हावा की! कमरंएवढंच पानी हाय!"

जयसिंग उभा राहिला. पाणी खरंच कमरेएवढं होतं. समोर गळ्यापर्यंत पाण्यात शकू उभी होती. ती हसत नव्हती. तिनं वळून जांभळीकडं पाहिलं, कुणी उठलंय का ते नीट पाहिलं, आणि मग बापाकडं वळली.

"नर्मदा?" तिनं विचारलं.

जयसिंगानं तोंडावरचं पाणी पुसलं. खोटं बोलायला आता श्वासच उरला नव्हता.

"घोड्याचं शेपूट धरून."

"चंबळ?"

"तीबी."

"यमुना?"

उत्तराची वाट न बघता शकूनं त्याच्या कमरेची गाठ दातांनी सोडवली, भोपळे काखेत मारले आणि वाळूवरून तरातरा निघून गेली. मागं वळून पाहिलं नाही.

जयसिंग खडकाला टेकून बसून राहिला. संपलं. हातभर अंतर मिळालं होतं तेही गेलं. आता ती मामाला सांगणार, मामा आळीला, आळी गावाला. गावानं हसावं, खुशाल हसावं; त्याचं त्याला काही नव्हतं. रणात पाठीवर वार घेतला नाही कधी, गावचं हसणं काय मारणार! पण पोरीच्या नजरेतून उतरलो, हे काही केल्या गिळवेना. त्याला वाटलं, असंच उठावं, घोड्याला जीन घालावं आणि दसऱ्याची वाट न बघता निघून जावं. मग आठवलं, घोडा तर सरदाराच्या पागेत, नदीपल्याड.

सांज झाली. आळी जमली. तीन दगडांच्या चुली पेटल्या, भाकऱ्या थापल्या जाऊ लागल्या. मैना परातीपाशी बसून पीठ मळत होती. जयसिंग तिच्याजवळ मान खाली घालून बसला होता. शकू कुठं दिसली नाही.

"हां, दाजी!" सर्जेराव मांड्या थोपटत आला. मागं पोरांचं लटांबर. "चला. ऊनबी उतरलं. काढा आंगरखा."

जयसिंग उठला. सांगून टाकू, तिनं सांगण्याआधी आपणच सांगू, असं म्हणून त्यानं तोंड उघडलं.

"न्हाई जमायचं त्यांस्नी," मागून आवाज आला.

शकू गर्दीतून वाट काढत पुढं आली. जयसिंगानं डोळे मिटून घेतले.

"माझ्या बाच्या खांद्यात गोळी हाय," ती ठणकावून म्हणाली. "वैद्यानं सांगितलंय, पान्यात हात मारायचा न्हाई. म्हनून माझा बा रोज न्हाई न्हाई म्हनतोय. तुम्हांस्नी कळत न्हाई का?"

माझा बा. जयसिंगाचे डोळे उघडले. तिनं ते म्हटलं होतं, तेही एकदा सोडून दोनदा, भर आळीत. परातीतला मैनाचा हात थांबला.

सर्जेरावानं कपाळाला आठ्या घातल्या. "गोळी? पंधरा दिसांत कुनी बोललं न्हाई ते?"

सगळ्यांची तोंडं जयसिंगाकडं वळली. पंधरा दिवस थापांचा पाऊस पाडणारा माणूस, आणि नेमकं आता त्याला काही सुचेना. शकू त्याच्याकडं बघत होती.

"हाय तर," मैना पीठ मळता मळता म्हणाली. मान वर केली नाही. "मीच रोज तेल लावते न्हवं का, दादा."

"कुठल्या खांद्याला?"

"डाव्या," मैना म्हणाली.

"उजव्या," शकू म्हणाली.

दोघी एकाच वेळी बोलल्या. चुलीवरची भाकरी करपत होती, पण ती उलटायचं कुणाला सुचलं नाही.

"दोन गोळ्या हायत," जयसिंग म्हणाला.

सर्जेरावानं दाजीकडं पाहिलं. मग बहिणीकडं. मग भाचीकडं; तिच्याकडं जरा जास्तच वेळ पाहिलं. चार वर्षं ही पोर त्याच्या मांडीवर बसली होती. आता ती बापाच्या पुढ्यात दोन्ही हात कमरेवर ठेवून उभी होती, जशी काही फौज अडवायला निघालीय. सर्जेराव खाकरला.

"मग न्हाईच जमायचं," तो म्हणाला. "दोन गोळ्या म्हंजी काय चेष्टा हाय! ए पोरांनो, चला हटा. पावन्याला... बसू द्या शकूच्या बाला."

तो पोरांना हाकत वाडीकडं निघून गेला. जाताना एकदा त्यानं पंच्यानं तोंड पुसलं; धूर गेला असेल डोळ्यांत.

जयसिंग खाली बसला. शकू त्याच्याजवळ येऊन गुडघ्यांवर बसली आणि दोन्ही हातांनी त्याचे खांदे दाबू लागली. आळीतल्या बाया अजून बघत होत्या, म्हणून सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात तिनं विचारलं,

"बा, लई दुखतंय का रं?"

पाच लढायांत डोळ्याला पाणी न आलेल्या त्या गड्यानं डोळे पुसले.

"लई," तो म्हणाला.