आश्विनाचं ढेकूळ

चोपड्याच्या आसपासच्या गावांत पावसाच्या बाबतीत झिपरू आबांच्या शब्दाला जी किंमत होती, ती हवामान खात्यालाही नव्हती. लोक टीव्हीवर अंदाज ऐकायचे आणि मग आबांच्या ओट्यावर येऊन विचारायचे, की हे खरं धरायचं का. आबाही उत्तर देण्याआधी आभाळाकडे बघत असे थांबायचे, की ढगांशी त्यांचं आत्ताच बोलणं झालंय असं कुणालाही वाटावं.

हा मान त्यांना आखाजीनं मिळवून दिला होता. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, खानदेशात घरोघर पाण्याची मातीची घागर मांडतात आणि तिच्याखाली शेतातली चार ढेकळं ठेवतात. एक आषाढाचं, एक श्रावणाचं, एक भाद्रपदाचं, एक आश्विनाचं. कोरी घागर पाझरते. जे ढेकूळ जितकं भिजेल, तितका त्या महिन्यात पाऊस. बाकीच्या घरांत हा सणाचा एक भाग, सांजोऱ्या खाता खाता बघून घ्यायचा. आबांच्या घरी मात्र तो निकाल असायचा. ढेकळं उचलून, फोडून, आतली ओल बोटानं चाचपून ते सांगायचे, आणि बरेचदा ते खरं ठरायचं. चुकायचं तेव्हा लोक विसरायचे. मोठ्या माणसाची चूक लक्षात ठेवणं गावाला जमत नाही.

त्या साली आखाजीच्या जरा आधी आबा आणि मुलगा हितेंद्र सुनंदाबाईंना घेऊन जळगावला मोठ्या डॉक्टरांकडे गेले होते. आबांच्या बायकोची, सुनंदाबाईंची, दोन्ही मूत्रपिंडं थकली होती. डॉक्टर मोजकं बोलणारे होते. म्हणाले, आज ना उद्या डायलिसिस लागेल. एकदा ते सुरू झालं की आठवड्यातून तीनदा मशीन, आणि त्यांचं हृदयही नाजूक आहे, मग लांबचा प्रवास विसरा. कुठे जायचं असेल तर आत्ताच जाऊन या.

परतताना तापीचा पूल आला. इतका वेळ खिडकीबाहेर बघत बसलेल्या सुनंदाबाई म्हणाल्या, "माले समुद्र देखना शे."

जन्मात या बाईनं स्वतःसाठी काही मागितलं नव्हतं. लुगडंसुद्धा आबा आणतील ते नेसायची. त्यामुळे हितेंद्रनं गाडी बाजूला घेतली.

"कोनता समुद्र, माय?"

"तू मोबाइलमा दखाडेल व्हता तो. काचनी बोटवाला. ज्याना तळ दिखस."

हितेंद्रनं कधीतरी तिला अंदमानची चित्रफीत दाखवली होती. बोटीच्या बुडाला काच, खाली निळं पाणी, त्याखाली मासे, आणि त्याच्याही खाली स्वच्छ वाळू. तो ते विसरला होता, ती विसरली नव्हती. पहूरला माहेरी असताना परकरी वयापासून तिनं खोल विहिरीचं पाणी शेंदलं होतं. खाली काळोख, दोर कितीही सोडा, तळ काही दिसायचा नाही. त्या काळोखाची तिला भीती वाटायची, आणि ती भीती तिनं कुणाला सांगितली नव्हती. तळ दिसतो असं पाणी जगात आहे, हे तिला त्या चित्रफितीनं सांगितलं.

"आपला केळा समुद्र पार करी गयात," ती हसून म्हणाली. "मी तापी वलांडी ते दवाखानामा उनू."

आबांच्या बागेतली केळी खोक्यांत भरून परदेशी जात, हे खरंच होतं. आबांना ते वाक्य लागलं. त्यांनी त्याच क्षणी मनात ठरवलं, की हिला समुद्र दाखवायचा.

आखाजीला हितेंद्र आणि सून कामिनी जळगावहून गावी आले. कामिनीचं माहेर सोनगीरचं, मुलगी शिकलेली, आणि बोलण्याआधी विचार करणारी. पुरणपोळी आणि रसाचं जेवण झाल्यावर तिनं मोबाइल काढला. सगळी तयारी तिनं करून ठेवली होती.

"आबा, तिकडे समुद्र आत्ता शांत आहे," ती म्हणाली. "आखाजी झाली की लगेच निघू. मेच्या मध्यानंतर तिकडे पाऊस लागतो. मग बोटी बंद होतात, आणि पाणीही गढूळ होतं. यांची रजा मंजूर झालीय."

आबा घागरीपाशी बसले होते. त्यांनी चारही ढेकळं एकेक करून उचलली. आषाढाचं चिखल झालं होतं. श्रावणाचं अर्धं विरघळलं होतं. भाद्रपदाचं ओलसर. आश्विनाचं मात्र ठणठणीत कोरडं, फोडलं तर आतून धूळ निघाली.

"आश्विनमा जाऊत," आबा म्हणाले.

"पण आबा, हे आपल्या शेतातलं ढेकूळ," कामिनी अदबीनं म्हणाली. "ते अंदमानचं कसं सांगेल?"

आबा हसले. सुनेच्या अडाणीपणाचं त्यांना कौतुकच वाटलं. "बेटा, टीव्हीवर दरसाल काय सांगतस? मान्सून अंदमानमा उना. मंग तो आपलाकडे येस. जो पाव्हना पहिले येस, तो पहिले जास. आपला आश्विन कोरडा शे, ते तठे भादवामाच बठ्ठं कोरडं व्हई जाई."

झालं. हितेंद्र बी.एस्सी. झालेला, पण बापानं ढेकूळ हातात धरलं की त्याचं शिक्षण उंबऱ्याबाहेर चपलांशेजारी बसायचं. कामिनीनं नवऱ्याकडे बघितलं आणि मोबाइल बंद केला. अंदमान हा शब्द आबा आयुष्यभर पावसाच्या बातमीत ऐकत आले होते. तो ऐकला की ते खूश व्हायचे. तिथं माणसं राहतात आणि तिथला पाऊस पाहुण्यासारखा वागत नाही, हे त्यांच्या डोक्यात कधी आलंच नव्हतं.

सुनंदाबाईंनी एकदाच विचारलं, "आते गऊत ते?"

"कसाले इतली घाई? उन्हाळामा केळीले पानी कोन देई?"

केळीला पाणी नळ्यांतून आपोआप जातं, हे सुनंदाबाईंना ठाऊक होतं.

खरी गोष्ट आबांनी कुणालाच सांगितली नाही, आणि ती केळीची नव्हती, ढेकळाचीही नव्हती. त्यांना भीती वाटत होती. आत्ता घाईघाईनं निघायचं म्हणजे डॉक्टरचं खरं मानायचं. घाईनं जग दाखवतात ते जाणाऱ्या माणसाला. आश्विनात जायचं ठरलं, की सुनंदाला आश्विनापर्यंत राहणं भाग होतं. खुंट्याला वासरू बांधावं तसं त्यांनी तिला आश्विनाच्या तिकिटाला बांधून टाकलं, आणि त्या दिवशी त्यांना शांत झोप लागली.

आषाढ धो धो बरसला. श्रावणही. लोक ओट्यावर येऊन आबांना मान देऊन गेले. घरात मात्र सुनंदाबाईंचे पाय सुजू लागले. सकाळी चप्पल जायची, संध्याकाळी जायची नाही. कामिनीनं जळगावहून एक माप मोठी चप्पल आणली, समुद्रावर घालायला म्हणून. सुनंदाबाईंनी ती देवघराखाली ठेवली आणि रोज फडक्यानं पुसली. भाद्रपदात त्यांना बागेपर्यंत चालवेना. तपासणीला गेले की डॉक्टर कागद बघून आबांकडे बघायचे, आणि आबा म्हणायचे, आश्विन आता आलाच साहेब.

आश्विन आला, आणि खरंच कोरडा आला. दसरा झाल्यावर आबा आणि सुनंदाबाई बॅग घेऊन जळगावला हितेंद्रच्या घरी उतरले. तिथून मुंबई, मुंबईहून विमान. आबा सकाळी गच्चीवर गेले. आभाळ धुऊन वाळत घातलेल्या धोतरासारखं स्वच्छ होतं. इतक्यात गावाहून भाऊबंदातल्या कौतिकचा फोन आला.

"आबा, तुमनं ढेकूळ खरं व्हयनं. एक थेंब नई शे. बठ्ठा गाव कापूस येची ऱ्हायना."

आबा त्याला हो म्हणाले आणि खाली आले. खाली कामिनी टीव्हीसमोर उभी होती. पडद्यावर नकाशा होता, बंगालच्या उपसागरात पांढरा भोवरा फिरत होता. बातमी देणारी मुलगी सांगत होती, अंदमानात वादळी पाऊस, बेटांवर जाणाऱ्या बोटी बंद, विमानं रद्द. 'मी सांगितलं होतं' हे शब्द कामिनीनं गिळले, आणि आबांना ते तिच्या घशात दिसले.

"व्हई बंद एक-दोन दिनमा," आबा म्हणाले.

"आबा, आपल्याकडून पाऊस आधी परततो. तिकडे तो सगळ्यांत शेवटी जातो," कामिनी हळू म्हणाली. "आणि जाताना वादळं होतात."

इतकी साधी गोष्ट. आयुष्यभर पाऊस सांगितला आणि पाऊस कुठून जातो हे ठाऊक नव्हतं. आबांनी जन्मात पहिल्यांदा कुणापुढे हात जोडले, ते सुनेपुढे.

"बेटा, दुसरा समुद्र देख. कोठलाबी. पन तळ दिखाले पाहिजे."

मुंबई नको, तिथं पाणी गढूळ. कामिनी आणि हितेंद्रनं दुपारभर शोधलं. शेवटी मालवणकडचं ठिकाण सापडलं. दिवाळीनंतर तिथलं पाणी निवळतं, बोटीही मिळतात. गाडीनं जाता येईल, वाटेत थांबत थांबत. आबांनी लगेच गाडी ठरवायला लावली. बैल गेल्यावर झोपा बांधणारा माणूस जसा दारंखिडक्या मजबूत लावतो, तसे ते प्रत्येक गोष्ट दोनदा विचारू लागले. उशी घेतली का. गोळ्या घेतल्या का. ती चप्पल घेतली का.

दिवाळी झाली. निघायच्या सकाळी सुनंदाबाई नवं लुगडं नेसून पलंगावर बसल्या आणि त्यांना श्वास घेता येईना. तोंड उघडून त्या हवा ओढत होत्या, छातीतून पाणी खळखळल्यासारखा आवाज येत होता. ठरवलेली गाडी दारात उभी होतीच. तिनंच त्यांना दवाखान्यात नेलं.

फुप्फुसांत पाणी भरलंय, डॉक्टर म्हणाले. त्याच दिवशी मशीन सुरू झालं.

आबा बाहेर बाकावर बसले. त्यांना कुणाचा तरी राग यायला हवा होता. पावसाचा, डॉक्टरचा, टीव्हीवरच्या मुलीचा. कुणाचाच आला नाही. मेचे ते दिवस आठवले, तो शांत समुद्र आठवला, जो त्यांनी पाहिलाही नव्हता. हितेंद्र शेजारी येऊन बसला तेव्हा ते म्हणाले, "मी तिले बांधी ठेवं." हितेंद्रला काही कळलं नाही. त्यानं बापाच्या गुडघ्यावर हात ठेवला.

पुढे घरच जळगावला आलं. आठवड्यातून तीनदा मशीन, आणि पाण्यावर बंदी. दिवसाला ठरवून दिलेलं तेवढंच, त्यातच चहा, त्यातच गोळ्यांचं पाणी. बागेत केळीच्या बुडाशी नळ्या दिवसभर ठिबकत होत्या. ज्या बाईनं आयुष्यभर घराला पाणी पाजलं, तिला घोट मागावा लागत होता. तहानेनं तिची जीभ टाळूला चिकटायची. आबा बर्फाचा तुकडा तिच्या ओठांवर फिरवायचे आणि तोंड दुसरीकडे करायचे.

पुन्हा आखाजी आली. जळगाव भाजून निघत होतं. सुनंदाबाईंनी हट्ट केला म्हणून फ्लॅटच्या स्वयंपाकघरात कामिनीनं घागर मांडली, वर डांगर, म्हणजे खरबूज, ठेवलं. घागर गार पाण्यानं काठोकाठ भरली होती, अंगावर घाम धरून.

"ढेकळं कोठे शेतस?" सुनंदाबाईंनी विचारलं.

"आनी नई," आबा म्हणाले.

"गावमाईन फोन येतीन. काय सांगशात?"

"माले माहित नई, असं सांगसू."

बाहेर गरम वारा खिडकीची काच हलवत होता. दुपारच्या गोळीची वेळ झाली. आबांनी आत खूण केलेला स्टीलचा छोटा पेला घेतला आणि घागरीतून पाणी ओतायला सुरुवात केली. ठरलेल्या खुणेपाशी त्यांचा हात थांबायला हवा होता, थांबला नाही. आज सण आहे, एक पेला भरून पाणी पिऊ दे तिला, पुढे जे व्हायचं ते होवो, असं त्यांच्या मनात आलं, आणि पाणी खुणेच्या वर चढलं.

सुनंदाबाईंनी पेल्यावर तळहात आडवा धरला. "बस."

त्यांनी पेला ओढून घेतला आणि खुणेच्या वरचं पाणी स्वतःच घागरीत परत ओतलं. मग गोळी तोंडात टाकायच्या आधी पेल्यात डोकावून बघितलं. खिडकीतलं ऊन त्यात पडलं होतं.

"देखा," त्या म्हणाल्या, आणि पेला आबांच्या पुढे केला. "तळ दिखी ऱ्हायना."