उतारावरची बचत

चिंचपठारच्या दूध सोसायटीची गाडी घाटाच्या तिसऱ्या वळणावर थांबली, तेव्हा तिच्यावर पाण्याची हजार लिटरची टाकी होती आणि इंजिन ठणठणीत चालू होतं. निवृत्तीनं ॲक्सिलरेटर दाबला. इंजिन बोंबललं, पण गाडी पुढं सरकेना. उलट ती हळूहळू मागं यायला लागली. त्यानं घाईघाईनं हँडब्रेक ओढला, लंगडत खाली उतरला आणि मागच्या चाकांना दोन मोठे दगड लावले.

गाडी म्हणायला पिकअपच, पण आपल्याकडं दिसतात तसली नव्हे. पठारावर पवनचक्क्या उभ्या करायला परदेशी साहेब आले होते, त्यांनी ती आणली होती. तिला डाव्या पायानं दाबायचा क्लच नाही, गिअर तिचे तीच बदलते. काम संपल्यावर कंपनीनं लिलाव काढला. लोकांनी खिडकीतून आत डोकावून पाहिलं, पायाशी दोनच पेडलं दिसली आणि एखादं चोरीला गेलं असणार म्हणून सगळे माघारी फिरले. सोसायटीचे चेअरमन सुंदरराव तेवढे अडून बसले.

"गाडीला क्लच न्हाई आन आपल्या निवृत्तीच्या डाव्या पायात जोर न्हाई," ते म्हणाले होते. "पत्रिका जुळली की बे! लावून टाका लगीन."

निवृत्ती आधी ट्रकवर होता. एका गळीत हंगामात उसाची ट्रॉली कलंडली आणि त्याचा डावा पाय खाली सापडला. पाय राहिला, त्यातला जोर गेला. मग दोन वर्षं तो घरात बसून होता, आणि घरात बसलेला ड्रायव्हर किती किरकिरा असतो ते त्याच्या बायकोला, मालनबाईला विचारा. या गाडीनं त्याला उंबऱ्याबाहेर काढलं. गेली सात वर्षं तो रोज सकाळी वस्त्यांवरचं दूध गोळा करून घाट उतरत होता आणि आष्टीच्या शीतकरण केंद्रावर घालत होता. दुष्काळ पडल्यापासून परत येताना रिकाम्या कॅनांबरोबर पाण्याची टाकीही वर आणत होता.

आष्टीतल्या गॅरेजवाल्यांनी बॉनेट उघडून नुसतीच मान हलवली. असली गाडी खोलणारा एकच माणूस होता, नगरचा बिभीषण मिस्त्री. जन्म शिरूर कासारचा, पण अर्धं आयुष्य दुबईत असल्याच गाड्यांखाली पडून काढलेलं. गाडी ट्रकवर घालून त्याच्याकडं नेली. मिस्त्रीनं गिअरबॉक्सचं तेल बशीत काढलं. ते काळंकुट्ट होतं, आणि करपल्यासारखा वास येत होता. बरोबर आलेल्या सोसायटीच्या दोघांना त्यानं चहाला पिटाळलं आणि निवृत्तीला जवळ बसवलं.

"खरं सांग. उतारावर इंजिन बंद करून सोडतोस का?"

निवृत्तीनं कबुलीची मान हलवली. सोडत होता! दुष्काळात गायी आटल्या, दूध निम्म्यावर आलं. डिझेल वाचवायचं म्हणून तो घाटमाथ्याच्या म्हसोबापाशी किल्ली फिरवायचा आणि तशीच सोडलेली गाडी थेट खालच्या पुलापाशी चालू करायचा. तीन वर्षं हेच चाललं होतं.

"गड्या, ह्या गिअरबॉक्सला तेल पाजतं कोण? इंजिन," मिस्त्री म्हणाला. "ते बंद झालं की आतला पंप बंद. चाकं मात्र पळत्यातच. मग आत सगळं कोरडं घासतं. आन ब्रेकबी जड पडतो. जिता राहिलास हेच लई झालं."

"दुरुस्त हुईल का?"

"हुईल. गाडी दणकट हाय, अजून धा वर्षं बघायला नको. फकस्त ही सवय सोड." मिस्त्रीनं सोसायटीला द्यायचा खर्चाचा कागद पुढं ओढला. निवृत्तीच्या पायाकडं बघून त्याचा आवाज मऊ झाला. "कारण काय लिवू? गाडी जुनी झाली असं लिवू का?"

"लिवा," निवृत्ती म्हणाला. म्हणताना त्याला मिस्त्रीकडं बघवलं नाही.

न बघवण्याचं कारण घरातल्या पेटीत घडी करून ठेवलं होतं. गेल्या वर्षी याच डिझेलबचतीबद्दल सोसायटीनं त्याचा सत्कार केला होता. शाल, नारळ आणि टाळ्या. सुंदररावांनी भाषणात दोनदा त्याचं नाव घेतलं होतं. गावात आपल्याला लंगडा ड्रायव्हर म्हणतात हे निवृत्तीला ठाऊक होतं. त्या दिवशी मात्र लोक त्याला नुसतं ड्रायव्हर म्हणाले, आणि त्या एका दिवसावर तो वर्षभर जगला होता.

चार दिवसांनी, सकाळचं दुधाचं माप उरकल्यावर, सोसायटीच्या लिंबाखाली सभा भरली. निवृत्ती घरून निघाला तेव्हा त्याच्या काखेत पिशवी होती.

"शाल कुठं नेताय आवं? थंडी हाय का काय?" मालनबाईनं विचारलं.

"असू दे जवळ," तो म्हणाला. ती काढायची का तशीच परत आणायची, हे अजून त्याचंच ठरलं नव्हतं.

सभेत धोंडीराम सगळ्यांत आधी उठला. हा संचालक मंडळातला सर्वांत काटकसरी माणूस. मनानं वाईट नव्हता, पण खर्च म्हटलं की त्याच्या पोटात दुखायचं.

"मिस्त्रीच लिवून देतोय गाडी जुनी झाली म्हणून. आज गिअरबॉक्स गेला, उद्या इंजिन जाईल. किती ओतायचं? भंगारात घाला आन साधी क्लचची गाडी घ्या. कुणीबी चालवंल."

'कुणीबी' म्हटल्यावर सगळ्यांनी निवृत्तीच्या पायाकडं बघायचं टाळलं, आणि ते टाळणं निवृत्तीला चांगलंच दिसलं.

"मंग निवृत्तीनं काय करायचं?" मागच्या रांगेतून मुक्ताबाईनं विचारलं. पठाराच्या टोकाच्या वस्तीवर राहणारी ही म्हातारी. दोन गायी, चार लिटर दूध, आणि गाडी तिच्या दारापर्यंत जायची म्हणून तेवढं तरी विकलं जायचं.

"त्याला हितं माप घ्यायला बसवू की," धोंडीराम म्हणाला. "सावलीत काम. आमी काय त्याला वाऱ्यावर सोडणार हाव का?"

निवृत्तीनं खाली बघितलं. गप्प बसलं तर सगळं सोपं होतं. शाल राहणार होती, नाव राहणार होतं, वर सावलीतली खुर्ची. फक्त घाट जाणार होता. पहाटेचा तो गार वारा, वस्तीवस्तीवर गाडीचा आवाज ऐकून कॅन घेऊन पळत येणारी माणसं, सगळं जाणार होतं. आणि चांगली धडधाकट गाडी त्याच्यापायी भंगारात तुटणार होती. खरं बोललं तर गाडी वाचेल, पण गाडी मारणाऱ्याच्या हातात पुन्हा किल्ली कोण देणार?

"तर मंग विकायची म्हणणाऱ्यांनी हात..." सुंदरराव म्हणाले.

"थांबा आण्णा." निवृत्ती उठून उभा राहिला. पिशवीतली शाल काढून त्यानं टेबलावर ठेवली. "गाडी जुनी न्हाई झाली. म्या मारली."

त्यानं म्हसोबापासून पुलापर्यंत सगळं सांगितलं. पंप, तेल, कोरडं घासणं, मिस्त्रीला लिहायला लावलेलं खोटं, काहीएक झाकून ठेवलं नाही. "ज्या बचतीची शाल दिली ती बचत अशी केलती. गाडी लई चांगली हाय, ती विकू नका. ड्रायव्हर पाहिजे तर दुसरा बघा."

एवढं बोलून तो मटकन खाली बसला. छाती कधी नव्हे इतकी हलकी झाली होती. आता काय व्हायचं ते होऊ दे, असं त्याला खरोखरच वाटलं.

"ऐकलं का?" धोंडीराम उसळला. "उतारावर गाडी बंद करतो म्हंजी काय! सोसायटीची गाडी हाय का खेळणं?"

"धोंडीराम," मुक्ताबाई शांतपणे म्हणाली, "परवा मी तुझ्या मोटारसायकलीवर मागं बसून आष्टीला गेलते. म्हसोबापाशी तू काय केलंस रं?"

कुणीतरी फिस्सकन हसलं.

"मी किल्ली फिरवली, पर ती माझी सवताची..."

"सवताची असू दे. बंद केलीस ना?" म्हातारी आता उभीच राहिली. "घाटात गाडी बंद न करणाऱ्यांनी हात वर करा बरं."

एक हात वर जाईना. सुंदररावांचा निम्म्यापर्यंत गेला आणि टोपी नीट करून खाली आला. मग जे हसू फुटलं ते आवरता आवरेना. धोंडीरामसुद्धा उपरण्यात तोंड लपवून हसला.

हसणं ओसरल्यावर सुंदरराव गंभीर झाले. "चूक त्याची हायच. पर शाल कुणी दिली? आपणच. एवढं डिझेल वाचलं कसं, ते आपल्यापैकी एकानं तरी विचारलंतं का? निवृत्ती, आज बोलला नसतास तर आमी चांगली गाडी भंगारात घातली असती. दुरुस्त करायची. आन किल्ली तुझ्याकडंच राहील. धोंडीराम, तुझं काय म्हणणं?"

"डिझेल जास्त लागंल," धोंडीराम पुटपुटला. मग मान हलवून म्हणाला, "लागू दे."

निवृत्तीचे डोळे भरून आले ते त्यानं लपवलेही नाहीत. शाल घ्यायला मात्र तो तयार होईना, तेव्हा मुक्ताबाईनंच ती उचलली. "पाण्यात वली करून कॅनावर टाकत जा. उन्हानं दूध नासतंय," ती म्हणाली, आणि शालीचं तेवढ्यावर भागलं.

तीन आठवड्यांनी गाडी परत आली. पहिल्या दिवशी सुंदरराव हौसेनं शेजारी बसले. म्हसोबा आला आणि निवृत्तीचा हात आपोआप किल्लीकडं गेला. तो त्यानं परत स्टिअरिंगवर आणला. इंजिन चालूच राहिलं. सुंदरराव एक वळण गप्प बसले, दुसरं वळण कसेबसे गप्प बसले.

"निवृत्ती, आता उतार लागलाच हाय तर..." ते म्हणाले आणि त्यांनी जीभ चावली. दोघंही पुलापर्यंत हसत होते.

येताना पाण्याची टाकी भरलेली होती. तिसऱ्या वळणावर निवृत्तीनं ॲक्सिलरेटर दाबला. गाडीनं एक बारीकसा झटका दिला, आपला आपण गिअर बदलला आणि चढ धरला. त्या दिवशी चाकांना लावलेले दोन्ही दगड रस्त्याच्या कडेला तसेच पडले होते. त्यानं खिडकीतून त्यांच्याकडं एकदा पाहिलं आणि गाडी न थांबवता पुढं काढली. वर बाया हंडे घेऊन वाट बघत होत्या.