दादाची अपॉइंटमेंट

फोन वाजत राहिला आणि ती आपल्या पाट्या रंगवायच्या दुकानात समोरच्या पाटीवर निळी अक्षरं काढत राहिली. दादाचाच फोन. डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, आज पट्टी काढायची होती. वहिनी परगावी, म्हणून दवाखान्यात न्यायचं काम धाकट्या बहिणीकडे आलं होतं.

तिला सगळं लख्ख आठवत होतं. एरवी डोक्यात एक गोष्ट शिरली की दुसरी मागच्या दाराने पसार व्हायची. डॉक्टरांनी चाळिशीत त्याला नाव दिलं, एडीएचडी. पण त्याआधी, कित्येक महिने वाट पाहून मिळालेली पहिली तपासणी तिने चुकवली होती. पाटी रंगवताना भानच राहिलं नव्हतं. रडत रडत तिने ते फक्त दादाला सांगितलं.

दादाने ते भरल्या घरात सांगितलं. "आमच्या धाकटीची कमाल ऐका! विसराळूपणाच्या डॉक्टरकडे जायचंच विसरली!"

लोक पोट धरून हसले. तिची स्वतःची मुलगीसुद्धा हसली. शाळेच्या पाट्यांचं काम देणारे गृहस्थही तिथेच होते. ते काम मग दुसरीकडे गेलं.

"बस आता वाट बघत," ती फोनकडे बघून पुटपुटली. जिवाला कसं गार वाटलं.

संध्याकाळी दादाच दुकानात हजर. काळा चष्मा, शर्टाची बटणं वरखाली लागलेली. टॅक्सी करून एकटाच गेला होता. वेळ टळली म्हणून त्याला सगळ्यांच्या शेवटी आत घेतलं होतं.

ती बोलणी खायला तयार होती. तिला ती हवीच होती.

"जाऊ दे गं," दादा म्हणाला. "तुझा काय दोष? डोकंच तसं तुझं."

"मी विसरले नव्हते, दादा. मुद्दाम आले नाही. तू माझं हसं केलंस म्हणून."

 दादा खो खो हसला. "चल! तुला सकाळचं आठवत नाही, आणि म्हणे सूड घेतेय! पुढच्या वेळेसाठी शेजाऱ्यांना सांगितलंय. तू नको डोक्याला ताप करून घेऊस."

तो जायला वळला. अजून नीट दिसत नव्हतं. आधारासाठी त्याने हात पुढे केला, थेट पाटीच्या दिशेने. तिने पाहिलं. तोंड उघडलं, आणि मिटून घेतलं.

पंजा ओल्या अक्षरांवर बसला. दिवसभराची मेहनत फरफटली.

"अगं, रंग ओला आहे म्हणून सांगायचं ना!"

"विसरले," ती म्हणाली.

निळा हात अंगापासून लांब धरून तो चाचपडत रस्त्याला लागला. तिने चिंधीवर टर्पेंटाइन ओतलं आणि अक्षरं पुसायला घेतली.